डावीकडची ओढ

मित्रांनो, मी व्हिडिओ गेमचा एक जुना कंट्रोलर आहे आणि मला एक खोड आहे. ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला लबाड म्हणणार नाही. तुमचा डावा अंगठा जिथे टेकतो ना, तिथली माझी दांडी दिसायला अगदी सरळ उभी असते. पण आतून ती डावीकडे ओढते. कुणी हात लावला नाही तरी पडद्यावरचा खेळाडू आपला डावीकडे चालू लागतो. या खोडीपायी मी मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, दोनदा विकला गेलो. आणि शेवटी याच खोडीने माझे भले झाले. ते कसे, तेच सांगायला बसलो आहे.

जन्मलो तेव्हा मी चांगला सरळ होतो. सरकत्या पट्ट्यावर माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली गेली, वर चार गोल बटणे आणि दोन दांड्या आल्या, मग पाठ आणि पोट यांचे स्क्रू आवळले गेले. शेवटी टोपी घातलेल्या एका बाईने माझे प्रत्येक बटण दाबून पाहिले, दांड्या गरगर फिरवल्या आणि मान डोलावली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. दिवसाला हजारभर कंट्रोलरांना तशी मान डोलावत असेल ती, पण मला वाटले, माझ्यासाठीच डोलावली.

माझा पहिला मालक कॉलेजात जाणारा एक तरुण होता. तो जिंकला की म्हणायचा, "काय खेळलो मी!" आणि हरला की म्हणायचा, "हा कंट्रोलरच भंगार आहे." नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय. एकदा तर लागोपाठ सहा वेळा हरल्यावर त्याने मला कपाटाच्या दारावर भिरकावले. दाराला पोचा पडला आणि माझी दांडी आतून कलली ती कायमची. त्यानंतर मी वर्षभर एका खणात तुटक्या चार्जरांच्या संगतीत पडून होतो. खणात पडून राहण्यापेक्षा मार बरा, असे तेव्हा वाटायचे. आता तसे वाटत नाही.

तिथून मी जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. दुकानदार चष्मा दोरीने गळ्यात अडकवून ठेवायचा आणि दिवसभर तोच शोधत फिरायचा. माणूस मात्र सचोटीचा. त्याने माझ्यावर चिठ्ठी डकवली, 'डावीकडे ओढतो.' लोक मला उचलायचे, चिठ्ठी वाचायचे आणि परत ठेवायचे. एके दिवशी एका तरुण बाईने मला उचलले. बोटांना सुया टोचल्याच्या बारीक खुणा, आणि बोटे अशी चपळ की माझी बटणे खूश झाली.

"हा ओढतो बरं का," दुकानदार म्हणाला.

"ओढू दे हो. मी तरी कुठे सरळ चालते?" ती म्हणाली, आणि एका जुन्या कन्सोलबरोबर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पेटीबरोबर, मला घेऊन गेली.

ती शिवणकाम करायची. पुढे तिचे लग्न झाले, तेव्हा सासरी येताना तिच्या बॅगेत चार साड्यांखाली टॉवेलात गुंडाळलेला मीही होतो. अशा रीतीने मी या घरात आलो. घरात दोघे भाऊ आणि दोघी जावा. भाऊ लिफ्ट दुरुस्तीची कामे करतात, सकाळी जातात ते संध्याकाळीच येतात. त्यामुळे दिवसभराचे राज्य जावांचे. माझी ती धाकटी आणि दुसरी थोरली.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचे कामाचे ठिकाण. मधोमध कापायचे लांबलचक टेबल, खिडकीशी दोन शिलाई मशिनी, दाराजवळ इस्त्री, भिंतीवर रिळांची फळी आणि कोपऱ्यात टीव्ही. थोरली बेतायची आणि कापायची. धाकटी शिवायची. थोरलीच्या कानामागे नेहमी खडू खोचलेला. कात्री लावायच्या आधी ती माप तीन वेळा घ्यायची, कापड तळहाताने सारखे करायची, दोन पावले मागे सरून बघायची, पुन्हा माप घ्यायची. आणि धाकटी? तिच्या पायाखाली मशीन असे धावायचे की वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली येऊन विचारायचे, "पोरींनो, काही उडायला लागलंय का?"

आता तुम्हीच सांगा, अशा दोघींचे कसे जमायचे? धाकटी शिवून मोकळी व्हायची आणि पुढच्या कापडाची वाट पाहत बोटे मोडत बसायची. थोरली तिच्या शिवणीवरून बोट फिरवायची आणि एखादा वाकडा टाका सापडला की काही न बोलता तो उसवायची. काही न बोलता, हेच धाकटीला जास्त झोंबायचे.

दुपारी चारला दोघी हात थांबवायच्या. थोरली टेबलाच्या एका टोकाला एकटीच पत्ते मांडायची. तिचा पत्त्यांचा जोड इतका जुना की कोपरे गोल झालेले. इस्पिकची दुर्री हरवली होती, तिच्या जागी तिने कॉलरीत घालतात त्या बकरमचा तुकडा मापात कापून ठेवला होता. धाकटी जमिनीवर बसून मला हातात घ्यायची आणि रिंगणातल्या मारामारीचा खेळ लावायची. एकीचे तोंड भिंतीकडे, दुसरीचे टीव्हीकडे. मधे चहाचे दोन कप निवत पडलेले. भांडण नव्हते. पण त्याला सोबत म्हणता येईल असेही काही नव्हते.

मग ते बाह्यांचे प्रकरण घडले.

एका शाळेचे चाळीस शर्ट शिवायचे होते. थोरली दातांच्या डॉक्टरकडे गेली होती आणि धाकटीच्या हातात काम नव्हते. तिने विचार केला, बाह्या आपणच कापून टाकाव्यात. ताई येईपर्यंत काम फत्ते. तिने कापडाचे चाळीस थर एकावर एक रचले, कागदी नमुना ठेवला, खडू फिरवला आणि कापायच्या मशीनने सटासट कापले. दोनदा. ऐंशी बाह्या वीस मिनिटांत. मी टीव्हीपाशी पडून बघत होतो आणि मला तिचा अभिमान वाटत होता.

पण मित्रांनो, कापडाला सुलट बाजू असते आणि उलट बाजू असते. एक थर सुलट, त्यावर दुसरा उलट असे रचले तर एक बाही डावी निघते आणि एक उजवी. धाकटीने घाईत सगळेच थर सुलट रचले होते. ऐंशी बाह्या निघाल्या, आणि ऐंशीच्या ऐंशी डाव्या!

थोरली आली. एक सुजलेला गाल घेऊन तिने बाह्या उचलल्या, एकेक करून सगळ्या पाहिल्या आणि खाली ठेवल्या. या वेळी मात्र ती बोलली.

"मशीन चालवायला पाय पुरतात," ती म्हणाली. "कापायला डोकं लागतं."

धाकटीचा चेहरा पडला. चाळीस बाह्या कामी आल्या. उजव्यांसाठी तोच रंग शोधत दोघींना चार दुकाने पालथी घालावी लागली. उरलेल्या चाळीस डाव्या बाह्या एका पिशवीत भरून फळीवर गेल्या. ती पिशवी धाकटीच्या मशीनच्या बरोबर समोर यायची. मान वर केली की दिसायचीच.

आठवड्याभराने धाकटीने चहाचा कप खाली ठेवत सांगितले, "ताई, त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात जागा आहे. मी येत्या एक तारखेपासून तिकडे जाते. तिथे कापून आयतं देतात. फक्त पाय लागतात."

थोरलीने पत्ता उचलला, बघितला आणि चुकीच्या जागी ठेवला. "बरं," एवढेच म्हणाली.

त्या 'बरं'चा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. धाकटी बटणे आणायला बाजारात गेली होती. थोरलीने दाराकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले आणि चक्क मला उचलले. मित्रांनो, मी घाबरलो. तिचा हात जड होता, अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलेला. तिने मारामारीचा खेळ सुरू केला. पहिल्या वेळी तीन सेकंदांत मेली. दुसऱ्या वेळी पाच. तिसऱ्या वेळी माझ्या खोडीमुळे तिचा खेळाडू आपणहून डावीकडच्या खड्ड्यात जाऊन पडला. तरी तिने मला फेकले नाही. तिने मला मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे बघत पुटपुटली, "डोकं असून काय उपयोग? पाय वेळेवर हलायला नकोत?"

तिला पश्चात्ताप झाला होता. पण थोरली अशी की शिवण उसवेल, कॉलर उसवेल, स्वतःचा शब्द काही उसवता यायचा नाही. जाऊ नकोस, एवढे दोन शब्द तिच्या तोंडून निघेनात. म्हणून तिने लांबचा रस्ता धरला. मला पिशवीत टाकले आणि 'रिमोट दुरुस्त करून आणते' अशी चिठ्ठी मशीनवर ठेवून ती जुन्या वस्तूंच्या दुकानात गेली. हो, ती मला रिमोट म्हणते. मी आता तो शब्द दुरुस्त करायचे सोडून दिले आहे.

दुकानदाराने चष्मा शोधला, मला उलटेसुलटे केले आणि ओळखले. "हा? हा डावीकडे ओढतो. याचा भाग आता मिळत नाही."

"ते राहू द्या," थोरली म्हणाली. "मला एक खेळ हवाय. त्यात पत्ते हवेत आणि मारामारीही हवी."

"पत्त्यांवरून मारामारी? ती तर आमच्या कट्ट्यावर रोज होते."

"थट्टा नको हो." तिने आवाज खाली आणला. "घरात एक जण आहे. तिला सगळं सुसाट लागतं. मला विचार करायला वेळ लागतो. आम्हा दोघींना एका जागी बसता येईल असं काहीतरी द्या. महिना संपायच्या आत."

दुकानदाराने थट्टा थांबवली. या माणसाला खेळ विकण्यापेक्षा खेळ जुळवण्याची हौस जास्त. त्याने बराच वेळ खोके उलटसुलट केले आणि एक खेळ दिला. "घेऊन जा. नाही जमला तर बदलून देईन."

तो पहिला खेळ नुसता पत्त्यांचा निघाला. राक्षस होता, पण तो आपली पाळी येईपर्यंत सभ्यपणे उभा राहायचा. थोरली रमली. धाकटीला आधी आश्चर्य वाटले की ताई आपल्याजवळ जमिनीवर येऊन बसल्या, पण दहा मिनिटांतच ती जांभया देऊ लागली. "ताई, तुमची पाळी संपेपर्यंत मी दोन कॉलरी लावून येते," ती म्हणाली. आणि खरेच लावून आली. तरी पाळी चालूच होती.

दुसरा खेळ उलटा. खोक्यावर पत्त्यांची चित्रे होती, आत मात्र सगळी धुमश्चक्री. पत्ते फक्त शोभेला. धाकटी किंचाळत, हसत लढली. थोरली पहिल्यांदा तीन सेकंद टिकली, दुसऱ्यांदा चार.

"एका सेकंदाने प्रगती आहे," धाकटी म्हणाली.

"हस, हस," थोरली म्हणाली. पण त्या खोलीत चारच्या सुमाराला दोघी एकदम हसल्या, हे मी प्रथमच ऐकले. मला इतके बरे वाटले की सांगता येत नाही. पण भिंतीवरच्या वर्षभराच्या कॅलेंडरावर एक तारखेभोवती धाकटीने खडूने गोल केला होता, आणि तो काही पुसला जात नव्हता.

तिसऱ्या खेपेला थोरली एकटी गेली नाही. धाकटीही निघाली. "तुम्हाला कळणार नाही ताई, मी विचारते त्यांना नीट," असे म्हणत. मी पिशवीत होतोच. दुकानात दोघी एकदम बोलू लागल्या. एक म्हणे पत्ते निवडता यायला हवेत, नको ते टाकून देता यायला हवेत. दुसरी म्हणे पण लढताना थांबायचे नाही, कुणी पाळीची वाट बघायची नाही. दुकानदार एकदा हिच्याकडे बघायचा, एकदा तिच्याकडे. शेवटी तो स्टुलावर चढला आणि सगळ्यात वरच्या फळीवरून धुळीने भरलेला एक खोका काढला. त्यावर एक कोल्हा होता, पंजात पत्ते पंख्यासारखे धरलेला.

"हा कुणी नेत नाही," तो म्हणाला. "पत्तेवाले म्हणतात फार पळवतो. मारामारीवाले म्हणतात फार डोकं खातो. तीन जणांनी परत आणला."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. "द्या," दोघी म्हणाल्या.

तो खेळ असा होता. गोल रिंगणात एक कोल्हा उतरतो; त्याचे तोंड कायम रिंगणाच्या मध्याकडे, त्यामुळे डावीकडे चालत राहिला की तो गोल फिरतो. त्याच्या हातात चार पत्ते, माझ्या चार बटणांवर एकेक. बटण दाबले की तो पत्ता चालतो. कुठला वार करतो, कुठला उडी मारतो, कुठला ढाल धरतो. एक चालला की त्याच्या जागी डेकमधला, म्हणजे आपण जमवलेल्या गड्डीतला, पुढचा येतो. आणि हे सगळे पळता पळता, कारण शत्रू काही वाट बघत नाही. रिंगण जिंकले की तीन नवे पत्ते समोर येतात, त्यातला हवा तर एक घ्यायचा, आपला नको असलेला टाकून द्यायचा. अशी दहा रिंगणे. मधे मेले की पुन्हा पहिल्यापासून. दहाव्यात एक दगडी गेंडा.

पहिले चार दिवस दोघी आळीपाळीने खेळल्या आणि आळीपाळीने हरल्या. थोरलीची पत्त्यांची निवड बघत राहावी अशी. चांगले चांगले पत्तेसुद्धा ती टाकून द्यायची. "हातात थोडे असले म्हणजे हवा तो लवकर परत येतो," ती म्हणायची. पण रिंगणात उतरली की बिचारीचा अंगठा पोचेपर्यंत कोल्हा आडवा. धाकटीचे उलट. कोल्हा विजेसारखा, पण तिने चमकेल तो पत्ता घेतलेला. तिचा डेक इतका फुगायचा की ढाल हवी असताना उडी यायची आणि उडी हवी असताना तिसरेच काही. दोघींनाही सहाव्या रिंगणापुढे जाता येईना. आणि जी हरे ती मला दुसरीच्या हातात आदळायची.

पाचव्या दिवशी थोरली खेळत असताना दारावर गिऱ्हाईक आले. नव्या नोकरीवर रुजू व्हायचे, कोटाचे माप द्यायचे, थांबायला वेळ नाही. इकडे कोल्ह्याला तिघांनी घेरलेले. थोरली उठली आणि तिने मला धाकटीच्या हातात कोंबले.

"धर! मरू देऊ नकोस!"

काय सांगू मित्रांनो! थोरलीने निवडलेले पत्ते आणि धाकटीची बोटे. हवा तो पत्ता हवा तेव्हा येत होता आणि आला की त्याच क्षणी चालत होता. सहावे रिंगण गेले. पत्ते निवडायची वेळ आली तशी धाकटी ओरडली, "ताई, कुठला घेऊ?" थोरली गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप धरून ओरडली, "मधला! आणि ती जुनी ढाल टाक!" सातवे गेले. गिऱ्हाईकही माप विसरून टीव्हीकडे वळले. त्याच्या एका बाहीचे माप त्या दिवशी दोनदा घ्यावे लागले.

तेव्हापासून घरात नियम झाला. पत्ते निवडायचे तेव्हा मी थोरलीच्या हातात. घंटा वाजली की मी धाकटीच्या हातात. एका हाताने टाळी वाजत नाही हे मी ऐकून होतो, पण चार हातांत एक कंट्रोलर कसा मजेत राहतो हे मला तेव्हा कळले. जड हातातून चपळ हातात, चपळ हातातून जड हातात. आता मला कुणी आदळत नव्हते. द्यायचे आणि घ्यायचे, एवढेच.

आणि एक गंमत झाली. कामातही तसेच होऊ लागले. थोरली एक शर्ट कापून झाला की बाकीचे कापून व्हायची वाट न बघता तो धाकटीकडे सरकवू लागली. धाकटी शिवण सुरू करायच्या आधी विचारू लागली, "ताई, ही अशीच ना?" कुणी कुणाला काही शिकवले नव्हते.

पण दहावे रिंगण काही सर होईना. तिथे दगडी गेंडा धावून यायचा आणि सगळा घोटाळा माझ्यामुळे व्हायचा. धाकटी कोल्ह्याला एका जागी उभा करून नेम धरू बघायची आणि मी त्याला डावीकडे ओढायचो. नेम चुकायचा. सात वेळा आम्ही दहाव्यापर्यंत गेलो आणि सातही वेळा माझ्या खोडीने मेलो. मला लाज वाटत होती. मला वाटले, आता चिठ्ठी डकवून पुन्हा त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात.

अखेर महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी एक तारीख. धाकटीने आपली कात्री, बोटात घालायचा अंगुस्ताना, आवडती रिळे एका डब्यात भरून ठेवली. चार वाजले. दोघी बसल्या.

"शेवटचा डाव," धाकटी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "ताई, हा कंट्रोलर नाही चालायचा. नवीन आणायला हवा होता. हा ओढतो."

थोरलीने मला हातात घेतले. दांडीवरून अंगठा उचलला आणि पडद्यावर कोल्हा आपला डावीकडे चालत गेला. पूर्ण गोल फिरून तो पुन्हा पहिल्या जागी आला, तोवर ती बघत राहिली. कापडाकडे बघते ना, तशी.

"परवाचं कोटाचं गिऱ्हाईक आठवतंय?" ती म्हणाली. "त्याचा एक खांदा उतरता आहे. मी त्याला म्हटलं का, की सरळ उभे राहा? खांदा उतरता असला तर कोट तसा बेतायचा. हा ओढतो, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. चूक त्याची नाही. बेतताना मी ते धरलं नाही, ही चूक माझी."

आणि त्या दिवशी तिने सगळे पत्ते वेगळे निवडले. नेम धरायचे सगळे टाकून दिले. एक पत्ता होता, निखाऱ्यांची वाट. कोल्हा चालेल तिथे मागे निखारे पडत जातात, पण थांबला की विझतात. आजवर दोघींनी तो दर वेळी नाकारला होता. आज थोरलीने तो तीनदा घेतला. दहाव्या रिंगणापाशी डेकमध्ये उरले फक्त नऊ पत्ते.

"हा थांबतच नाही ना? मग थांबायचं नाही अशीच लढाई करू," असे म्हणून तिने मला धाकटीच्या हातात दिले. अगदी हळू.

घंटा वाजली. गेंडा धावला. धाकटीने मला थोपवायचे सोडून दिले. मी ओढत होतो तिकडे तिने कोल्ह्याला जाऊ दिले, डावीकडून डावीकडे, गोल गोल, आणि मागे निखाऱ्यांची रांग पडत गेली. गेंड्याला कोल्ह्यापर्यंत पोचायला निखाऱ्यांवरून यावे लागत होते. तो पाय भाजून मागे सरायचा, पुन्हा यायचा. मधेच अंगावर आला की धाकटी उडीचा पत्ता चालवायची आणि पुन्हा माझ्या स्वाधीन व्हायची. थोरली तिचा खांदा धरून बसली होती आणि एकही सूचना देत नव्हती. माझ्या आयुष्यात प्रथमच माझ्या खोडीला काम मिळाले होते आणि मी ते जीव ओतून केले.

गेंड्याला भेगा पडल्या. मग तो एकदम कोसळला.

दोघी इतक्या जोरात ओरडल्या की वरचे आजोबा खाली आले. "उडालं का शेवटी?" त्यांनी विचारले. त्यांना चहा मिळाला, उत्तर नाही मिळाले.

आजोबा गेले. धाकटी तिच्या डब्याकडे बघत होती. थोरली उठली, स्टूल घेतले आणि फळीवरून ती पिशवी खाली काढली. चाळीस डाव्या बाह्या. धाकटीने मान खाली घातली.

"त्या दिवशी मी वाईट बोलले," थोरली म्हणाली. "चुकलं माझं. डोकं तुलाही आहे. मला मात्र तुझे पाय नाहीत. तू गेलीस तर मी कापून ठेवेन आणि ते कापलेलंच राहील. जाऊ नकोस."

धाकटीने डोळे पुसले. "तुम्ही आधी का नाही बोललात?"

"वेळ लागतो मला. तुला माहितीये."

धाकटी रडता रडता हसली. मग तिने कारखान्यात फोन केला आणि उठून कॅलेंडरावरचा खडूचा गोल हाताने पुसून टाकला. दुसऱ्या दिवसापासून थोरली तिला कापायला शिकवू लागली. पहिला धडा असा, की प्रत्येक थराच्या उलट बाजूला खडूने फुली मारायची. धाकटी आता थोरलीला मशीनचा वेग शिकवते. त्यात मात्र फारशी प्रगती नाही.

त्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. माझी बटणे झिजली, अंगावरची अक्षरे पुसली. घरात आता नवा कंट्रोलर आहे, अगदी सरळ. परंतु रोज चार वाजता तो नव्हे, मीच बाहेर निघतो. मी समाधानी आहे.

तर मित्रांनो, एखादी वस्तू ओढत असेल, अडत असेल, करकरत असेल, तर ती भिरकावण्याआधी एकदा तिच्याकडे नीट बघा. ती कुठल्या बाजूला ओढते ते ओळखा आणि मग पुढचे बेता. माणसांच्या बाबतीतही हे चालते म्हणतात, पण मी कंट्रोलर आहे, तेवढे मोठे बोलणार नाही.

एक सांगायचे राहिले. डाव जिंकल्यावर त्याच संध्याकाळी थोरलीने पिशवीतली एक बाही काढून माझ्याभोवती धरून पाहिली आणि तीनदा माप घेतले. धाकटीने मशीनवर बसून एका दमात शिवण मारली. तेव्हापासून मी तिच्यात राहतो. डावी बाही आहे, आणि मला ती अगदी बरोबर बसते.